पेट्रोल महाग कोणी केलं, केंद्राने की राज्याने? डोंबिवली-ठाण्यातल्या एक रुपयाच्या पेट्रोलमागचा हिशेब

१३ जून २०२१. आदित्य ठाकरेंचा वाढदिवस होता आणि डोंबिवलीत एमआयडीसी भागातल्या एका पंपावर दुचाकींची रांग लागली होती. कारण शिवसेनेने तिथे एक रुपया लिटरने पेट्रोल देण्याचं जाहीर केलं होतं. पेट्रोलने तेव्हा नुकतीच शंभरी ओलांडली होती.

पुढच्या वर्षी २५ एप्रिलला ठाण्यात तेच झालं. आमदार प्रताप सरनाईकांच्या वाढदिवसानिमित्त पुन्हा एक रुपयात लिटर. आता दर १२० च्या घरात पोचला होता.

महागाईला केंद्र जबाबदार, ही शिवसेनेची तेव्हाची भूमिका. पण राज्यात मुख्यमंत्री शिवसेनेचाच होता. ठाणे महापालिका हद्दीत राज्य सरकार पेट्रोलवर २६ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे १०.१२ रुपये अधिभार घेत होतं. कल्याण-डोंबिवलीत व्हॅट २५ टक्के, अधिभार तेवढाच.

ठाण्यातल्या त्या रांगेनंतर दोनच दिवसांनी, २७ एप्रिलला, पंतप्रधान मोदींनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत व्हॅट कमी न करणाऱ्या राज्यांची नावं घेतली. त्यात महाराष्ट्र होता. उद्धव ठाकरेंनी लगेच उत्तर दिलं की मुंबईत एक लिटर पेट्रोलमागे ३१.५८ रुपये केंद्राचे आणि ३२.५५ रुपये राज्याचे. म्हणजे राज्याचा बचाव करताना दिलेल्या आकड्यांतही पेट्रोलवर राज्याचा वाटा रुपयाभर जास्तच निघाला!

खरी गंमत पुढे आहे. २१ मे २०२२ ला केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी कमी केलं. दुसऱ्याच दिवशी राज्याने जाहीर केलं की आम्हीही २.०८ रुपये कमी करतोय. आता ८ रुपयांचे २६ टक्के काढून बघा. बरोबर २.०८ येतात. व्हॅट टक्क्यांत असतो आणि तो केंद्राच्या शुल्कासकट असलेल्या रकमेवर लागतो. त्यामुळे शुल्क उतरलं की व्हॅट आपोआप उतरतो, त्यासाठी राज्याला काही करावं लागत नाही. २२ मेपासून मुंबईत दर १११.३५ रुपये होता, तो १४ जुलैपर्यंत तिथेच राहिला.

१४ जुलैला खरी कपात झाली. नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी पेट्रोल ५ रुपयांनी स्वस्त केलं आणि अधिभार १०.१२ वरून ५.१२ वर आला.

हा अधिभार एकट्या एका पक्षाचा नाही, हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये फडणवीस सरकारने दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे २ रुपये वाढवले. मग वेगवेगळ्या निमित्ताने आकडा चढत गेला. २०२० मध्ये कोरोनाचं कारण देऊन महाविकास आघाडीने आणखी २ रुपये घातले. दुष्काळ संपला, कोरोना गेला, अधिभार काही पूर्ण गेला नाही.

मग केंद्र निर्दोष का? अजिबात नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये पेट्रोलवर केंद्राचं शुल्क ९.४८ रुपये होतं. मे २०२० मध्ये ते ३२.९८ झालं. जगात कच्चं तेल कोसळलेलं असताना त्याचा फायदा पंपापर्यंत पोचलाच नाही, तो मधेच तिजोरीत गेला. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ च्या कपातींनंतर शुल्क १९.९० वर आलं.

राज्यांची एक तक्रारही खरी आहे. या १९.९० पैकी राज्यांसोबत वाटला जायचा तो फक्त मूळ उत्पादन शुल्काचा भाग, म्हणजे १.४० रुपये. बाकी सगळं सेस आणि विशेष शुल्क. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने त्या १.४० मधून सगळ्या राज्यांना मिळून ५७ पैसे मिळायचे आणि महाराष्ट्राच्या हाती चार पैसेही पडत नव्हते. त्यामुळे कुठलंही राज्य व्हॅट सोडायला सहज तयार होत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने पेट्रोलला जीएसटीबाहेरच ठेवलं.

तिसरा वाटेकरी फारसा कोणाच्या शिव्या खात नाही, तो म्हणजे तेल कंपन्या. कागदावर पेट्रोलचे दर २०१० पासून सरकारच्या नियंत्रणाबाहेर आहेत, जून २०१७ पासून ते रोज बदलायचे ठरले. प्रत्यक्षात एप्रिल २०२२ पासून कंपन्यांनी रोजचे बदल थांबवले. तेल महाग होतं तेव्हा त्यांनी तोटा सोसला, हे खरं. पण २०२३-२४ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा मिळून नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये होता. दर उतरले ते मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, २ रुपयांनी.

जुलै २०२४ पासून ठाण्याचा व्हॅटही २५ टक्क्यांवर आला आणि पेट्रोल साधारण ६५ पैशांनी स्वस्त झालं. कल्याण-डोंबिवलीत ही कपात दिसली नाही, कारण तिथे २५ टक्केच लागत होते.

एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल घसरल्यावर केंद्राने शुल्क पुन्हा २ रुपयांनी वाढवून २१.९० केलं. तेव्हाच्या १०३ रुपयांच्या लिटरमध्ये राज्याचे ढोबळमानाने २४ ते २५ रुपये होते. वाढलेलं शुल्क कंपन्यांनी सोसलं, पंपावरचा आकडा हलला नाही. जो दर उतरू शकला असता तो उतरला नाही, पण न उतरलेल्या दराविरुद्ध मोर्चा कोण काढणार?