संगणकाचा दोष की कारभाराचा?

रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्रा बँकेवर घातलेले निर्बंध फेब्रुवारी २०२५ मध्ये उठले आणि प्रकरण विस्मृतीत गेले. तथापि त्या आदेशातील कारणे आजही वाचण्याजोगी आहेत. ऑनलाइन व मोबाइलद्वारे नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास या बँकेला मनाई झाली, ती कर्जे बुडाली किंवा अफरातफर झाली म्हणून नव्हे. आपल्याजवळ यंत्रसामग्री कोणती आहे याची नोंद, प्रणालीतील उणिवा वेळीच बुजविणे, कोणाला कोठवर प्रवेश द्यावा याची व्यवस्था, अशा प्राथमिक बाबींतच २०२२ आणि २०२३ च्या तपासणीत गंभीर त्रुटी आढळल्या होत्या. व्यवसाय वाढला, पण त्या प्रमाणात संगणकव्यवस्था वाढविली गेली नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ठपका होता. डिसेंबर २०२० मध्ये वारंवारच्या बिघाडांमुळे एचडीएफसी बँकेवरही असेच निर्बंध आले होते.

सधन बँकांची ही कथा, तर साधारण कंपनीतील संगणक विभागाची अवस्था काय वर्णावी? हा विभाग माल विकत नाही, म्हणून हिशेबात तो केवळ खर्च ठरतो. आणि खर्च म्हटला की कात्री ओघानेच आली. सारे सुरळीत असते तेव्हा 'या मंडळींना काम तरी काय?' असे विचारले जाते. बिघाड झाला की 'ही मंडळी करतात तरी काय?' असे विचारले जाते. दहा खात्यांची कामे दोन-तीन माणसांनी उपसायची, आयुष्य संपलेला सर्व्हर ओढत न्यायचा, आणि बॅकअप नीट होतो की नाही यापेक्षा संचालकांच्या खोलीतील प्रिंटर चालतो की नाही याची चिंता अधिक वाहायची, हा तेथील नित्यक्रम.

पैसा अपुरा असला तरी खमका विभागप्रमुख त्यातून वाट काढू शकतो. आधी काय करायचे आणि काय सोडायचे हे तो ठरवितो व वरिष्ठांना तसे स्पष्ट सांगतो. दुबळा प्रमुख कोणालाच 'नाही' म्हणत नाही. मग प्रत्येक काम तातडीचे होते, हुकूम तोंडी सुटतात आणि धोक्याची सूचना कागदावर येतच नाही. जुन्या प्रणालीची सारी माहिती एकाच कर्मचाऱ्याच्या डोक्यात राहते. तो नोकरी सोडून गेला की तीही त्याच्याबरोबर जाते.

अशा कारभारात अपघात घडला की जबाबदारी कोणाच्या माथी येते? अमेरिकेत नागरिकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१७ मध्ये या कंपनीकडील सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. प्रणालीतील उणिवेची सूचना मार्चमध्येच मिळाली होती. दुरुस्ती झाली नाही. चोरी टिपणारे उपकरण एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने आंधळे झाले होते. ते प्रमाणपत्र नवे करताच चोरी दिसू लागली. पायउतार झालेल्या मुख्याधिकाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसपुढे एका कर्मचाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखविले. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने अहवाल दिला, तो वेगळेच सांगतो. संगणक विभाग एका अधिकाऱ्याकडे, तर सुरक्षेचा प्रमुख कायदेविषयक अधिकाऱ्याच्या हाताखाली, अशी तेथील रचना होती आणि उत्तरदायित्वाची रेषा कोठेच स्पष्ट नव्हती. ही चोरी पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती, असा समितीचा निष्कर्ष होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची रीत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही!

संगणक कर्मचारी चुकत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. परंतु एका माणसाच्या एका चुकीने सारा डोलारा कोसळत असेल, तर डोलारा तसा उभा करणाऱ्यालाच प्रथम जाब विचारला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले निर्देश याच दिशेने जातात. माहिती-तंत्रज्ञानाच्या धोरणासाठी संचालक मंडळाच्या पातळीवर समिती असली पाहिजे, असे ते बजावतात. जेथे असा नियंत्रक नाही तेथे निदान एक साधा नियम करता येईल. विभागाने लेखी मागणी करावी, न मिळाल्यास संभवणारा धोका तिच्यात नमूद करावा आणि नकार देणाऱ्याने त्याखाली तारखेसह सही करावी. तोंडी नकार देताना न कचरणारे अनेक हात ही सही करताना थबकतील.

शिक्षकाचा पगार, विद्यार्थ्याचा परीक्षा-अर्ज, कारकुनाचा भविष्यनिर्वाह निधी आज याच यंत्रांवर विसंबून आहे. खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर ऐकून मुकाट्याने माघारी फिरण्याची सवय आपल्याला जडली आहे. सर्व्हर का बंद पडला आणि त्याच्या दुरुस्तीचा पैसा कोणी नाकारला, हे विचारणाऱ्याला यापुढे तरी कागदावर उत्तर मिळाले पाहिजे.