‘इस्टेशन’ आणि ‘ब्यांक’

लखनौचे ला मार्टिनिअर कॉलेज १८४५ साली सुरू झाले, ते क्लॉड मार्टिनच्या मृत्युपत्रातील पैशावर. हा गृहस्थ फ्रेंच. इंग्रजी त्याचीही मातृभाषा नव्हती! आज मात्र अशा शाळांतला इंग्रजी उच्चार श्रीमंतीची खूण मानला जातो. चारबागचा खलाशी ‘इस्टेशन’ म्हणतो, आपला पोस्टमन ‘ब्यांक’ म्हणतो. साहेबांच्या खोलीत कोणी गालात हसते आणि मागणी तिथेच बारगळते. बंधूंनो, थकलेला रात्रपाळीभत्ता मागायला कॉन्व्हेंटचा उच्चार लागत नाही. १९७६ च्या राजभाषा नियमांप्रमाणे केंद्रीय कर्मचाऱ्याने हिंदीत अर्ज दिल्यास उत्तर हिंदीतच द्यावे लागते. तेव्हा मागणीपत्र हिंदीत द्या, आणि बैठकीत ‘ब्यांक’ म्हणताना आवाज खाली आणू नका.