टूर कंपनीची, बिल वावराचं

मागच्या हिवाळ्यातलं आमच्या मामाचं स्टेटस तुम्ही पाहायला हवं होतं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, डोळ्यांवर गॉगल अन् अंगात फुलाफुलांचा शर्ट. खाली लिहिलेलं, 'मॉरिशस विथ फॅमिली'. ज्या माणसाला आम्ही लग्नातही पांढऱ्या शर्टाशिवाय पाहिलं नाही, तो फुलाफुलांत! आजी फोन घेऊन अख्ख्या गल्लीत फिरली. "पाह्य वं, माह्या पोराले कंपनीनं इमानात बसवलं."

मामाचं अकोला जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषध. एका कंपनीनं हंगामाच्या सुरुवातीला स्कीम लावली होती. इतक्या पेट्या उचलल्या तर मिक्सर, इतक्या उचलल्या तर टीव्ही आणि सगळ्यात वरच्या स्लॅबला मॉरिशस. मामानं वरचा स्लॅब गाठला. मामीचा पासपोर्ट निघाला. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसले.

तुमच्याही नात्यात असा एखादा मामा किंवा काका असेलच. सिमेंट, टाइल्स, पाइप, इन्शुरन्स, बियाणं... अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेत कुठल्याही दुकानात जा, गल्ल्यामागच्या भिंतीवर बँकॉक, बाली, श्रीलंका, अंदमान नाहीतर मॉरिशसचा ग्रुप फोटो दिसतोच. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या आणि मागे बॅनर.

मला या फोटोबद्दल बोलायचंय. पण आधीच सांगून टाकते, मी काही धुतल्या तांदळाची नाही. माझ्या डिग्रीची दोन वर्षांची फी मामाच्या दुकानातून आली आहे. मॉरिशसहून आणलेलं चॉकलेट मीही खाल्लंय. डोडोचं चित्र असलेली कीचेन आजही माझ्या स्कूटीच्या चावीला आहे. म्हणूनच बोलते.

काउंटरच्या आतून

त्या टूरच्या आधीच्या पावसाळ्यात मामाच्या पायाला प्लास्टर होतं. शनिवार-रविवार मी अमरावतीहून जायचे आणि दुकानात बसायचे. मामा खुर्चीतून सांगायचा, मी काढून द्यायचे.

एकदा एक शेतकरी पिशवीत पराटीची चार पानं घेऊन आला. "भाऊ, पाह्य बरं, पानं आकसून राह्यली. काय मारू?" मामानं पान उलटं करून पाहिलं. तुडतुडे होते, पण थोडेच. अशा वेळी मामाचं नेहमीचं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे, "निंबोळी अर्क मार अन् आठ दिवस थांब." त्या दिवशी मामानं पान खाली ठेवलं आणि माझ्या मागच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर पेनानं आकडे लिहिलेले होते. स्लॅबला अजून अकरा पेट्या कमी होत्या. मग मला म्हणाला, "ते निळं औषध दे अन् त्याच्यासंग टॉनिक दे."

शेतकऱ्यानं भावही विचारला नाही. "लिहून ठेवजा," म्हणाला आणि गेला. कापूस विकल्यावर पैसे.

मामा वाईट माणूस नाही. हेच तर मला सांगायचंय. तो रात्री-बेरात्री फोन उचलतो, लोकांच्या पोरींच्या लग्नात उधारी मागत नाही. कंपनीला मात्र ॲडव्हान्स द्यावा लागतो. खताच्या गाडीसोबत नको असलेला माल गळ्यात मारतात, त्याला आमच्याकडे 'लिंकिंग' म्हणतात. मार्जिन बारीक, उधारी मोठी. अशा माणसाला वर्षभर कुणी शाबासकी दिलेली नसते. मग एक दिवस कुणीतरी सांगतं, 'सर, तुम्हाला मॉरिशसला न्यायचंय.' तुम्ही असतात तर नाही म्हणाला असतात का? मी नसते म्हणाले.

पण ती चार पानं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या दिवशी औषधाची गरज पिकाला नव्हती, कॅलेंडरला होती.

ड्रायव्हरचा पणजोबा

टूरवरून आल्यावर मामानं सगळं सांगितलं. सात रंगांची माती, गंगा तलाव, काचेच्या तळाची बोट. आणि एक किस्सा. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर मोडकं-तोडकं मराठी बोलत होता. त्याचा पणजोबा रत्नागिरीकडचा. त्यानं मामाला विचारलं, "तुम्हाला इथं कोणी आणलं?" मामा म्हणाला, "कंपनीनं." ड्रायव्हर हसला. म्हणाला, "आमच्या पणजोबालापण कंपनीनंच आणला. साखरेच्या."

मामानं हा जोक म्हणून सांगितला. मी मात्र त्या रात्री वाचत बसले.

मॉरिशसवर आधी डच आले, मग फ्रेंच. 1810 मध्ये ब्रिटिशांनी ते बेट घेतलं. उसाच्या मळ्यांत आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबायचे. 1 फेब्रुवारी 1835 ला तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. पण ऊस तर तोडायचाच होता. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायची पद्धत निघाली. 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलास' नावाच्या जहाजातून पहिले 36 जण पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना 5 रुपये. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायचीही पद्धत होती. 'ॲग्रीमेंट'चं आपल्या लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि ती माणसं गिरमिटिया. 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसं अशी गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्यामुळेच आज मॉरिशसला गणेश चतुर्थीची सुट्टी असते.

तुम्ही म्हणाल, कुठे गिरमिटिया अन् कुठे रिसॉर्टमधला मामा! बरोबर आहे. दोघांची बरोबरी होऊच शकत नाही. पण वाचताना एका माणसापाशी मी अडकले. मजूर गोळा करणारा माणूस गोरा साहेब नसायचा. तो आपल्यातलाच असायचा. त्याला आरकाटी म्हणायचे. कधी तो मळ्यावरून परत आलेला मुकादम असायचा, आपल्याच गावात येऊन आपल्याच लोकांना सांगायचा, 'चला, तिकडे चांगलं आहे.' त्याला माणशी पैसे मिळायचे. लोक कंपनीवर विश्वास ठेवून जहाजात चढले नाहीत. त्याच्यावर ठेवून चढले.

कंपनीला लागतो तो हा विश्वास. तो तिला स्वतःला कमावता येत नाही, म्हणून ती आपल्यातल्या माणसाकडून विकत घेते. त्या शेतकऱ्यानं बाटलीवरचं कंपनीचं नाव वाचलंही नव्हतं. त्यानं फक्त 'भाऊ' म्हटलं होतं.

आपल्या वऱ्हाडाला हा हिशेब नवा नाही. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, ते इथल्या कापसासाठी डोळ्यांत भरलेलं. पुढे कापूस वाहायला मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे आपली 'शकुंतला' धावली, तीही किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. तिकडे साखर, इकडे सरकी-रुई. ते बेट आणि आपलं वावर एकाच साहेबाच्या वहीत होतं.

डॉक्टरला नाही, मग इथे का?

आता आजच्या वहीकडे येऊ. आयकर कायद्यात 1 जुलै 2022 पासून एक तरतूद आली, कलम 194 आर. धंद्यातून कुणाला वर्षाला 20 हजारांहून जास्त किमतीचा असा लाभ दिला, तर त्यावर 10 टक्के टीडीएस. फॉरेन टूरही त्यात येते. म्हणजे सरकारच्या लेखीसुद्धा ही टूर गिफ्ट नाही, कमाई आहे. मग कमाई कशाची, हा प्रश्न आपण का विचारत नाही?

डॉक्टरांच्या बाबतीत तो विचारला गेलाय. कंपन्यांच्या पैशानं फिरायला जायला डॉक्टरांना मेडिकल कौन्सिलनं 2009 मध्येच मनाई केली. मार्च 2024 मध्ये केंद्रानं औषध कंपन्यांसाठी संहिता आणली, तिनंही डॉक्टर आणि त्यांच्या घरच्यांना अशी टूर द्यायला बंदी घातली. कारण साधं आहे. पेशंटला चिठ्ठीतलं काही कळत नसतं, तो डॉक्टरवर विसंबून असतो. चिठ्ठी टूरसाठी लिहिली गेली तर बिल पेशंट भरतो आणि शरीरही त्याचंच.

त्या संहितेत शेतीची औषधं येत नाहीत. पण आपल्याकडे फवारणीच्या विषालाही 'औषध'च म्हणतात, आणि ते देणाऱ्याला डॉक्टरसारखंच विचारतात. सरकारलाही हे माहीत आहे. म्हणून तर कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी 'देसी' नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं 2003 मध्ये सुरू केलेला. हेतू हाच, की दुकानदारानं शेतकऱ्याला नीट सल्ला द्यावा. मामानंही तो केलाय, सर्टिफिकेट दुकानात लावलंय. त्याच्या शेजारच्या खिळ्याला ते कॅलेंडर. एक भिंत सांगते सल्ला दे, दुसरा खिळा सांगतो पेट्या काढ.

अन् ज्यादाची बाटली फक्त पैसा खात नाही. ती कुणाच्या तरी पाठीवर पंपात चढते. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती आणि मी ती कुठल्या टूरवर ढकलत नाही. पण त्या वर्षानंतर तरी 'एक फवारा जास्त झाला तर काय होते' असं म्हणायचा हक्क वऱ्हाडात कुणाला उरला नाही.

मग करायचं काय?

माझं म्हणणं सरळ आहे. डॉक्टरांना जो नियम, तोच शेतीच्या औषधांना लावा. कंपनीकडे टूरवर उधळायला पैसे आहेत, म्हणजे भाव कमी करायलाही आहेत. ती सूट शेतकऱ्याच्या बिलावर दिसू द्या. दुकानदाराला चांगलं मार्जिन द्या, वेळेवर माल द्या, लिंकिंग बंद करा. मामासारख्यांना ते मॉरिशसपेक्षा जास्त आवडेल, हे मी लिहून देते.

आणि नियम येईपर्यंत आपलं काम आहे. आपण शिकलेले पोट्टे-पोट्टी आहोत ना? बाबांसोबत औषध घ्यायला जा. डब्यावरचा त्रिकोण पाहा, लाल असेल तर सगळ्यात जहाल. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची त्या किडीसाठी काय शिफारस आहे, ते मोबाइलवर शोधून मग काउंटरवर बोला. पक्कं बिल मागा. आणि न भांडता एक प्रश्न विचारा, "भाऊ, याच्यावर काही स्कीम आहे का?" दुकानदार खरं सांगेलच असं नाही. पण पुढच्या वेळी पान उलटं करताना त्याला तो प्रश्न आठवेल.

तुमच्या घरी अशी टूर आलीच, तर पोर्ट लुईच्या बंदराजवळचा आप्रवासी घाट चुकवू नका. ते मजूर जिथे उतरले, ती ही जागा. 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मामा-मामीनं जिथे चॉकलेट घेतलं, त्या मॉलपासून तो पायी काही मिनिटांवर आहे. कार्यक्रमात नव्हता, म्हणून राहून गेला.

हे सगळं मी मामाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "छाप. नाव नको टाकू." गेल्या आठवड्यात दुकानात गेले होते. नव्या हंगामाचं कॅलेंडर आलंय, यंदा वरच्या स्लॅबला बाली आहे. ते अजून गुंडाळलेलंच कोपऱ्यात उभं होतं. खिळा मोकळा होता. तो लावणार की नाही, हे मी विचारलं नाही.