पाणी मोलाचे की पोर?



दुष्काळ आला की पहिले भांडण पाणवठ्यावर होते. बालाघाटच्या पट्ट्यात, केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात हे कुणाला शिकवावे लागत नाही. विहिरीने तळ गाठला, हातपंप कोरडा खडखडू लागला, टँकरच्या वाटेवर हंड्यांची रांग लागली की कालपर्यंत एकमेकींना भाकरी-कोरड्यास देणाऱ्या बाया हमरीतुमरीवर येतात. "तुझा हंडा पुढे कसा?" एवढ्यावरून पेटलेले भांडण पोरांच्या हाणामारीवर जाते. आज या सदरात एका कवितेविषयी सांगायचे आहे. कविता लढाईची आहे, विलायतेतली आहे. पण तिचा धागा आपल्या पाणवठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी विल्फ्रेड ओवेन हे नाव ऐकले असेल. १८९३ साली जन्मलेला हा इंग्रज तरुण पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढला. तोफांच्या माऱ्याने मनावर आघात झाला म्हणून १९१७ साली त्याला स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या इस्पितळात ठेवले. तेथे त्याने 'अँथम फॉर डूम्ड यूथ' ही चौदा ओळींची कविता लिहिली. मरणाच्या तोंडी दिलेल्या तरुणांचे गीत, असा त्या नावाचा भावार्थ. त्यांच्याकडे माणूस गेला की चर्चची घंटा वाजते, प्रार्थना होते, मेणबत्त्या लागतात. रणांगणावर पडलेल्या पोरांच्या वाट्याला यातले काय येते, हा कवितेतला सवाल आहे. शेवटी कवी आपली नजर गावाकडच्या घरांकडे, मागे राहिलेल्या माणसांकडे वळवतो.

बरा होऊन ओवेन पुन्हा आघाडीवर गेला. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधला एक कालवा ओलांडण्याच्या लढाईत तो मारला गेला. वय अवघे पंचवीस. सातच दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले. गावात आनंदाच्या घंटा वाजत होत्या आणि त्याच दिवशी त्याच्या आईच्या हाती मृत्यूची तार पडली.

ज्या साली ही कविता लिहिली गेली, त्याच १९१७ साली आपल्या बापजाद्यांची एक पलटण उभी राहिली, १११ महार. १८९० च्या दशकात आपली लष्करभरती बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायत सरकारकडे अर्ज केला होता. लढाईत माणसे कमी पडू लागली तेव्हा दार उघडले. लढाई संपली आणि १९२१ साली पलटण मोडली. त्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार जवान कामी आले. इकडे १९१८ साली पावसाने दगा दिला, त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसे गेली. लढाईत पडलेल्यांची नावे निदान कुठेतरी दगडावर कोरली गेली. दुष्काळात आणि साथीत गेलेल्या गरिबांसाठी कोणती घंटा वाजली?

आता रोहिणी नदीकडे येऊ. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, तेव्हा हा भाग आपण ऐकतो. शाक्य आणि कोलिय ही दोन शेजारी राज्ये, नात्यागोत्याची. मध्ये रोहिणी नदी. तिच्या पाण्यावर दोघांची शेती. पाणी आधी कुणी घ्यावे यावरून भांडण झाले, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला. युद्धाने प्रश्न सुटत नाही, एका युद्धातून दुसऱ्याचे बी पेरले जाते, असे त्याने सांगितले. दोन माणसे आपली, दोन त्यांची, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची उपसूचना होती. मते घेतली, तीत तो हरला. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे, असा ठराव आला. सिद्धार्थाने नकार दिला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडले, परिव्रज्या घेतली.

बाबासाहेबांनी सांगितलेले गृहत्यागाचे हे कारण नीट ध्यानात घ्या. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्र रात्री निघून गेला, ही परंपरेची कथा त्यांनी स्वीकारली नाही. पाण्याचे भांडण आणि त्यात मरायला निघालेली पोरे, हे त्यांना कारण म्हणून पटले. पुढे शाक्य आणि कोलिय यांनी समेट केला आणि रोहिणीच्या पाण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले, असेही त्यांनी लिहिले आहे. पाली अट्ठकथेत हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने येते. तिथे बुद्धत्व मिळाल्यावर तथागत दोन्ही सैन्यांच्या मध्ये जातात आणि विचारतात, पाण्याचे मोल किती आणि माणसाचे किती?

काही जण म्हणतील, मग बाबासाहेबांनी महार पलटण कशाला मागितली? १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी तो आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, हे खरे आहे. पण ती मागणी समान हक्काची होती. देशासाठी उभे राहण्याचा मान इतरांना आणि आपल्याला मात्र मज्जाव, हे त्यांना मान्य नव्हते. शेजाऱ्याचे डोके पाण्यासाठी फोडणे ही वेगळी गोष्ट आहे. पाण्याचा हक्क त्यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर मिळवायला घेतला, तोही सत्याग्रहाने. आपल्या मराठवाड्यातच, दौलताबादच्या किल्ल्यावर, १९३४ साली त्यांना आणि सोबत्यांना हौदाचे पाणी वापरले म्हणून शिवीगाळ सोसावी लागली. पुढे १९४५ साली कटकच्या परिषदेत त्यांनी सांगितले की पाणी जास्त झाल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक ते नसल्याने होते. म्हणून पाणी साठवा.

ते साठवणे आणि वाटणे आपल्याला अजून जमलेले नाही. मांजरा नदीवरचे धरण आपल्या केज तालुक्यात धनेगावला आहे. त्यावर लातूर शहर तहान भागवते. २०१६ साली धरण कोरडे पडले. लातुरात पाणी भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. रोहिणीकाठी जे घडले, त्याची ही आजची आवृत्ती होती.

दुष्काळात पोरे तोफेने मरत नाहीत, पण हातातून जातात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात. वस्तीत घरोघर कुलपे लागतात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे उरतात. पुष्कळ पोरांची शाळाही सुटते. त्यांचा हंडा कोण भरतो? शेजारीण भरते. आजारी म्हातारीला दवाखान्यात कोण नेते? शेजारचा पोरगा नेतो. कुणी कालकथित झाले तर फडावर निरोप धाडण्यापासून पुण्यानुमोदनापर्यंत सगळे शेजारीच पाहतात. वस्ती दुष्काळात टिकते ती या माणसांमुळे.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. उन्हाळा लागण्याआधी विहारात बसून पाच जणांचे पाणी मंडळ नेमा. त्यात निदान दोन महिला घ्या, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. टँकर आला की आधी म्हाताऱ्यांचा, बाळंतिणीचा आणि आजाऱ्याचा हंडा भरेल, असा नियम करा. तोडीला गेलेल्या घरांतल्या पोरांची नावे लिहून ठेवा आणि रोज शाळेत कोण गेले, कोण नाही, हे पाहा. गावातल्या इतर समाजाची माणसे या मंडळात आली तर त्यांना सन्मानाने बसवा. पाणवठा सगळ्यांचा, हे आपणच महाडला सांगितले आहे.

आणि रांगेत तंटा झालाच, तर पोरांना काठ्या घेऊन पुढे करू नका. हंडा उद्याही भरता येईल.

जयभीम!