दंड भरला, दारू तशीच राहिली

समजा, शनिवारी काष्टीच्या बाजारात बैलजोडी विकून एक तरुण घरी निघाला. वाटेत घेतली आणि मोटारसायकलवर पोलिसांच्या हाती लागला. पहिलाच गुन्हा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल निघाले, तर १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बैलाच्या पैशातून दंड भरला जातो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

याने त्या दिवशी मित्रांच्या आग्रहाखातर घेतली, की हा रोजचा पिणारा आहे? दोघांना एकच औषध कसे चालेल? हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. चार प्रश्नांनी सुरुवात होते. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याची मनाला खंत वाटते का? सकाळी उठताच घ्यावी लागते का? दोन उत्तरे ‘होय’ आली, तर डॉक्टरांकडून नीट तपासणी हवी. रोज पिणाऱ्याची दारू कोठडीत एकदम तुटली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते. प्रसंगी जीवही जातो.

कायद्यात वाट आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार योग्य प्रकरणात न्यायालय गुन्हेगाराला देखरेखीखाली सोडताना नशा न करण्याची अट घालू शकते. आरोपी २१ वर्षांखालील असेल, तर शिक्षेआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहिला जातो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ३९ नुसार, थोड्या प्रमाणातील गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडता येते. वर्षभरात उपचाराचा अहवाल न्यायालयात द्यावा लागतो.

कोणी म्हणेल, हे दारुड्याचे लाड झाले. तसे नाही. अट मोडली, तर शिक्षा आहेच. दंड मात्र पिणाऱ्याच्या खिशातून जात नाही. तो बायकोच्या डब्यातून आणि मुलांच्या फीमधून जातो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : पहिल्या गुन्ह्यात शिक्षा ठरण्याआधी व्यसनाची तपासणी व्हावी. वकिलांनी ती मागावी. घरच्यांनीही कोर्टाची वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालय आहे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. काष्टीहून पुणे काही लांब नाही.