ब्रेक सोडवायचा की गाडी भंगारात काढायची?

वर्कशॉपच्या मागच्या शेडमधली अ‍ॅम्बेसिडर तुम्ही पाहिलीच असेल. काहींनी तिच्या बॉनेटवर बसून फोटोही काढलेत. दोन पावसाळे ती जागची हललेली नाही. मध्यंतरी पाचसहा जणांनी जोर लावला, गाडी इंचभर सरकली नाही आणि लगेच निकाल लागला : "ब्रेक जाम आहेत, देऊन टाका भंगारात." माझं म्हणणं एवढंच, की देण्याआधी ती एकदा उघडावी आणि ती आपण विद्यार्थ्यांनी उघडावी.

उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून ही गाडी बनू लागली, २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. आपल्या शेडमधल्या जुन्या मॉडेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लीडिंग शू, ट्रेलिंग शूची आकृती आपण पेपरात झकास काढतो. पण "जाम आहे" हे निदान नव्हे. डॉक्टरने "ताप आहे" म्हणून फी मागावी, तसं ते झालं. ताप कशाचा, हे कोण सांगणार?

उभ्या गाडीचा ब्रेक अडकायला मोजकीच कारणं असतात. हँडब्रेक ओढून ठेवला की ओल्या हवेत बिडाचा ड्रम गंजतो आणि लायनर त्याला चिकटून बसतो. हँडब्रेकची केबल आवरणातच गंजते. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खरं तर तेल नाहीच, ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० अंश सेल्सियस धरतात. हेच पाणी व्हील सिलिंडरला आतून खातं आणि पिस्टन अडकतो. रबरी होज आतून फुगला तर पाय दाबल्यावर दाब पुढे जातो, पण परत येत नाही. मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक भोक बंद झालं तरी तेच.

आता शोध घ्यायचा कसा? गाडी सपाट जागी जॅकने उचलून स्टँडवर ठेवायची (नुसत्या जॅकवर कधीही नाही!), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. चारही चाकं हाताने फिरवून पाहायची. चारही अडकली असतील तर आधी मास्टर सिलिंडर आणि पेडलचा फ्री प्ले. मागची दोनच अडकली असतील तर हँडब्रेकची केबल किंवा मागच्या अ‍ॅक्सलचा होज. एकच अडकलं तर दोष बहुधा त्याच चाकाशी.

मग अडकलेल्या चाकाचा ब्लीडर निपल ढिला करायचा. ऑइल पिचकारीसारखं उडून चाक सुटलं, तर लाइनमध्ये दाब कोंडला होता. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबा आणि आता मास्टर सिलिंडरजवळचा पाइपचा नट ढिला करा. चाक सुटलं तर गुन्हेगार मास्टर, नाही सुटलं तर मधला होज. निपल उघडूनही काहीच फरक पडला नाही, तर भानगड मेकॅनिकल आहे : केबल, शू किंवा गंजलेला पिस्टन. केबल ढिली केल्यावर चाक फिरलं, तर केबल. नाहीतर अ‍ॅडजस्टर मागे घेऊन, ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून हलकेच ठोकायचं आणि ड्रम काढायचा.

पाहिलंत? अजून एकही पार्ट विकत आणलेला नाही.

काही गोष्टी मात्र करायच्या नाहीत. दुसऱ्या गाडीला बांधून ओढायचं नाही, लायनर शूवरून उखडून आत अडकतो. रबरी वायसर रॉकेलने धुवायचे नाहीत, फुगतात. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. धूळ ओली करून पुसा. आणि पुन्हा गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता चाकांना उटी लावा.

आता कोणी म्हणेल, "ड्रम ब्रेक कोण वापरतं हल्ली?" हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा, कित्येक दुचाकींच्या मागच्या चाकाला ड्रमच दिसेल. फोक्सवॅगनच्या आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांनाही मागे ड्रम ब्रेकच आहेत. वेग कमी करायचं बरंचसं काम तिथे मोटरच करते, त्यामुळे कमी वापरला जाणारा ब्रेक गंजू नये हा त्यातला एक विचार.

दुसरा आक्षेप स्टाफरूममधून येईल : ब्रेकशी खेळ नको. अगदी मान्य! म्हणूनच हे काम वर्कशॉपच्या मेस्त्रींच्या देखरेखीखाली व्हावं, ऑइल संपूर्ण बदलावं आणि त्यांनी तपासल्याशिवाय गाडी शेडबाहेर निघू नये. पण भीती वाटते म्हणून कधी उघडायचंच नाही, तर कॅम्पसमधून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच्या गाडीवर शिकणार का?

माझी सूचना साधी आहे. या टर्मला एक प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्यात उत्तर आधीच जर्नलमध्ये लिहिलेलं नसेल. चार गट, चार चाकं. प्रत्येक गटाने कोणती शंका कोणत्या तपासणीने खोडली ते लिहायचं आणि मार्क त्याला द्यायचे, मग चाक सुटो वा न सुटो. सिनियरच्या जर्नलवरून हे उतरवता येणार नाही, हाच त्याचा मोठा गुण!

एवढं करूनही गाडी हलली नाही, तर खुशाल भंगारवाल्याला बोलवा. निदान ती का हलली नाही, हे आपल्याला सांगता येईल.