प्रेषितप्रेम आणि सत्तेचा हात

इ. स. ६३२ मध्ये मदिनेत प्रेषित महंमदांचे निधन झाले, तेव्हा उमर यांच्यासारखा खंबीर सहकारीसुद्धा ते मानावयास तयार होईना. त्या वेळी अबू बक्र यांनी जमलेल्यांना बजावले, की महंमदांची पूजा करणाऱ्यांनी महंमद निवर्तले हे ओळखावे. ईश्वराची पूजा करणाऱ्यांचा ईश्वर मात्र अमर आहे. प्रेषित हे ईश्वराचे दास आणि दूत, उपास्य नव्हेत. आदराची ही मर्यादा इस्लामी परंपरेने पहिल्याच दिवशी आखून घेतली.

परंतु मर्यादा आखल्याने प्रेम आटत नाही. प्रेषितांसाठी दरूद पठण करण्याचा आदेश कुराणातच आहे. तेराव्या शतकात इजिप्तमधील कवी बूसीरी याने पक्षाघाताने पीडित असता प्रेषितांवर स्तुतिकाव्य रचले. स्वप्नात प्रेषितांनी आपले वस्त्र त्याच्या अंगावर घातले व तो बरा झाला, अशी आख्यायिका आहे. ‘कसीदा बुर्दा’ या नावाने ते काव्य आजही अनेक देशांतील मुसलमान भक्तिभावाने म्हणतात. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यात प्रेषितांचा म्हणून जपलेला केस डिसेंबर १९६३ मध्ये नाहीसा झाला, तेव्हा ऐन थंडीत काश्मिरी जनता रस्त्यावर उतरली. हे प्रेम कोणत्याही फर्मानातून निर्माण झालेले नव्हते.

सत्तेला मात्र असे प्रेम मोकळे सोडवत नाही. कैरोच्या फातिमी दरबाराने प्रेषितांचा जन्मदिन राजसमारंभ म्हणून साजरा केला, मिठाई वाटली. तेराव्या शतकाच्या आरंभी अर्बिलच्या राजाने त्यासाठी खजिना मोकळा सोडला. प्रेषितांच्या नावाने झालेल्या या दानधर्मात राजाचे श्रेयही वाढत होते, हे उघड आहे.

याच्या उलट टोकाला सौदी सत्ता गेली. धर्मशुद्धीच्या आग्रहातून १९२५-२६ च्या सुमारास मदिनेच्या बकी कब्रस्तानातील प्रेषितांच्या आप्तस्वकीयांच्या कबरींवरील घुमट पाडण्यात आले. थडग्यांभोवती मुजावरांची मिरासदारी माजते, हा शुद्धिवाद्यांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. तथापि त्याच राज्यात २००२ मध्ये मक्केतील तुर्की अमदानीचा अज्याद किल्ला जमीनदोस्त झाला आणि त्या जागी, काबागृहाच्या अगदी समोर, आलिशान हॉटेले व दुकाने सामावणारे ६०१ मीटर उंचीचे संकुल उभे राहिले. श्रद्धाळूने कबरीपुढे झुकणे निषिद्ध, परंतु नगराने नफ्यापुढे झुकणे मात्र क्षम्य, असा हा न्याय आहे.

प्रेषितांच्या अखेरच्या हजयात्रेतील प्रवचन या संदर्भात आठवावे. त्यात त्यांनी व्याजाची सारी येणी रद्द ठरविली आणि आरंभ स्वतःचे चुलते अब्बास यांच्या येण्यापासून केला. सुधारणेचा पहिला भार आपल्या घरावर घेण्याची ही रीत होती. जन्मदिनी रोषणाई करणारे सत्ताधीश आणि घुमट पाडणारे सत्ताधीश, दोघांनाही हीच कसोटी लावली पाहिजे: प्रेषितांच्या नावाने त्यांनी सोडले काय आणि मिळविले काय? ज्या गरीब मुसलमानाजवळ दरूदावाचून प्रेषितांना अर्पण करण्यासारखे काही नाही, त्याची भक्ती शुद्ध की अशुद्ध हे ठरविण्याचा अधिकार या हिशेबाआधी कोणत्याही सत्तेला पोहोचत नाही.